लकी ड्रॉ की मोठी लॉटरी? चान्स असा काढा
कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद आहे पण बेळगावजवळचं सीमेवरचं शिनोळी गाव आलं की महाराष्ट्र, तिथं राज्य लॉटरी १९६९ पासून चालू, म्हणून आपली माणसं विचारतात की मंडळाचा लकी ड्रॉ बरा की ती. आधी एकूण तिकिटं किती ते विचारा बघू. समजा ५० रुपयांची ५०० तिकिटं, बक्षिसं मिक्सर, कुकर धरून १२,००० ची, तर भागा, एका तिकिटामागं सरासरी २४ रुपये परत, आणि पहिल्या बक्षिसाचा चान्स ५०० त एक. दहा लाख तिकिटांच्या लॉटरीत रोज एक तिकीट घेतलं तरी पहिलं बक्षीस सरासरी २,७०० वर्षांत एकदा! आणि डब्यात फक्त विकलेल्याच तिकिटांच्या चिठ्ठ्या टाकतात ना, हे तेवढं नक्की विचारा, न विकलेल्या पण टाकल्या तर बक्षीस मंडळाकडंच राहू शकतंय.