ब्रेंट बोझेल यांच्यावर लेख लिहायचा असेल तर

अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या कॅथलिक लेखक-कार्यकर्त्यांवर मराठीत लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘उजवा’ आणि ‘कॅथलिक’ ही एकाच माणसाची दोन सुखाने नांदणारी विशेषणे धरणे. एल. ब्रेंट बोझेल (ज्युनियर) यांच्या कारकिर्दीत ती आधी हातात हात घालून चालतात, मग एकमेकांना ओढू लागतात, आणि शेवटी धर्म राजकारणाला मागे टाकतो. लेखाची बांधणी या ताणावरच करा.

सुरुवात नावापासून. वडील लिओ ब्रेंट बोझेल ओमाहातले जाहिरात व्यावसायिक, मुलगा ब्रेंट बोझेल (तिसरे) प्रसारमाध्यमांवर टीका करणाऱ्या ‘मीडिया रिसर्च सेंटर’चा (1987) संस्थापक, आणि आपला माणूस यांच्या मधला. कात्रणे शोधताना मुलाचे काम बापाच्या खात्यावर सर्रास जमा होते. म्हणून पहिल्याच वाक्यात जन्म-मृत्यूची वर्षे (1926–1997) द्या. 1987 किंवा त्यानंतरच्या प्रसारमाध्यम-टीकेचा मजकूर दिसला, तर तो बहुधा मुलाचा.

मग एका कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे राजकारण: 1954 मध्ये मेहुणे विल्यम बकली यांच्याबरोबर कम्युनिस्टांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थींच्या बाजूने लिहिलेले पुस्तक, 1955 मध्ये सुरू झालेले बकली यांचे उजव्या विचारांचे नियतकालिक ‘नॅशनल रिव्ह्यू’, 1960 चे सिनेटर गोल्डवॉटर यांच्या नावावरचे पुस्तक, 1964 मध्ये मेरीलँडमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत चार्ल्स मथायस यांच्याकडून झालेला पराभव. उजवीकडे चर्च: 1961 चे पोप जॉन तेविसावे यांचे सामाजिक परिपत्रक, चर्चमध्ये मोठे बदल घडवणारी 1962 ते 1965 ची दुसरी व्हॅटिकन परिषद, 1968 चे संततिनियमनाविरुद्धचे परिपत्रक, 1973 चा गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. हा शेवटचा खरे तर न्यायालयाचा, पण बोझेल यांच्यासाठी त्याची जागा उजवीकडेच. आता दोन्ही रकाने आडवे वाचा. 1964 च्या पराभवानंतर दोनच वर्षांत, 1966 मध्ये, त्यांनी ‘ट्रायम्फ’ हे कॅथलिक मासिक काढले. एकाच रकान्यावर लिहिलेल्या लेखात हे वळण लहरीपणाचे वाटते, दोन्ही समोर असले की त्याची कारणे दिसतात.

1960 च्या पुस्तकाशी थांबा. मुखपृष्ठावर बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव आहे, लेखन बोझेल यांचे. ‘गोल्डवॉटर यांनी लिहिले’ असे लिहिले तर चूक, आणि ‘बोझेल यांचे पुस्तक’ म्हटले तरी अर्धवट, कारण त्यात सिनेटरची भाषणे आणि भूमिकाही मिसळल्या आहेत. ‘गोल्डवॉटर यांच्या नावाने बोझेल यांनी लिहिलेले’ एवढे पुरते. मॅकार्थींसाठीही त्यांनी भाषणे लिहिली होती. तिथली मते मांडताना ‘बोझेल म्हणतात’ लिहू नका.

सर्वांत जास्त जागा 1962 च्या वादाला द्या. ‘नॅशनल रिव्ह्यू’मध्ये तिथलेच एक संपादक फ्रँक मेयर यांची मांडणी अशी की सद्गुण स्वेच्छेने निवडला नाही तर तो सद्गुणच नव्हे, म्हणून राज्याचे काम स्वातंत्र्य राखणे. बोझेल यांचे उत्तर उलट्या टोकाचे: समाजाचे उद्दिष्ट सद्गुण, स्वातंत्र्य हे फार तर त्याचे एक साधन. माणूस दुबळा आहे, त्याला चांगले वागणे सोपे व्हावे अशीच संस्थांची रचना हवी. मेयर यांना हव्या असलेल्या, बाजारवादी आणि परंपरावादी यांच्या तडजोडीला ‘फ्यूजनिझम’ हे नावही याच लेखात बोझेल यांनी दिले, टोमण्याच्या सुरात. पुढे तोच शब्द मेयर यांच्या विचाराची अधिकृत ओळख बनला! मेयर स्वतः 1972 मध्ये मृत्युशय्येवर कॅथलिक झाले. हे एका वाक्यात सांगा, त्याचे भांडवल करू नका.

शब्द जपून निवडा. ‘पुराणमतवादी’ म्हटले की मराठी वाचकाला सोवळेओवळे आठवते. 1950 च्या दशकातील बोझेल यांना ‘उजव्या विचारांचे’ म्हणा, ‘ट्रायम्फ’च्या काळापासून ‘परंपरावादी कॅथलिक’. या दुसऱ्या टप्प्यात ते भांडवलशाहीवर आणि अमेरिकी राज्यव्यवस्थेच्या पायावरही टीका करत होते, त्यामुळे पहिले लेबल तिथे चिकटत नाही. ‘कट्टर’ हा शब्द काहीच सांगत नाही, टाळा.

आंदोलनाचा भाग तपशिलाने, पण थोडक्यात. जून 1970 मध्ये वॉशिंग्टनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयासमोर गर्भपाताविरुद्ध निदर्शने झाली. निदर्शकांच्या डोक्यावर लाल टोप्या होत्या, आणि बोझेल यांच्यासह काहींना अटक झाली. टोप्या स्पेनच्या कार्लिस्ट, म्हणजे राजेशाहीवादी कॅथलिक चळवळीच्या, परंपरेतल्या. बोझेल कुटुंब 1960 च्या दशकात काही काळ स्पेनमध्ये राहिले होते, हा दुवा दिला नाही तर तो पोशाख नुसता तमाशा वाटतो.

पुढे त्यांना द्विध्रुवी (बायपोलर) हा मानसिक विकार जडला. हे लिहा, मात्र त्यावरून आधीच्या लेखनाचा अर्थ लावू नका. 1962 चा युक्तिवाद युक्तिवाद म्हणूनच तपासावा.

लेख दीड हजार शब्दांचा असेल तर बालपण, येल विद्यापीठ आणि कॅथलिक पंथातले धर्मांतर मिळून दोनशे, मॅकार्थी-गोल्डवॉटर काळ साडेतीनशे, 1962 चा वाद चारशे, ‘ट्रायम्फ’ आणि 1970 चारशे, उरलेले शेवटच्या वर्षांना.

कच्चा खर्डा झाला की उजव्या विचारांच्या कार्यकर्त्या फिलिस श्लाफ्ली यांच्याशी ताडून पाहा. त्याही कॅथलिक, त्याही लेखिका, पण त्या रिपब्लिकन पक्षातच राहून लढल्या. स्त्री-पुरुषांना समान हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीला 38 राज्यांची संमती हवी होती; 30 जून 1982 च्या मुदतीपर्यंत आकडा 35 वरच अडकला, आणि त्यात त्यांच्या मोहिमेचा मोठा वाटा होता. तुमच्या मजकुरात बोझेल यांच्या जागी श्लाफ्ली घातले तरी एखादा परिच्छेद बिनबोभाट चालत असेल, तर तो परिच्छेद काढून टाका.