फाइल सर्व्हरवरचे दस्तऐवज इंट्रानेटवर कसे द्यावेत

हेड ऑफिस फोर्टला, अकाउंट्स अंधेरीत, गोडाऊन भिवंडीला. अशा कंपनीत सुट्ट्यांची यादी, पीएफचे फॉर्म आणि रेट लिस्ट मेलवरून फिरत राहतात आणि त्यातली ताजी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. मग इंट्रानेटच्या, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत साइटच्या, पानावर शेअरचा (नेटवर्कवर वाटलेल्या फोल्डरचा) पाथ चिकटवला जातो आणि क्लिक केल्यावर काहीच होत नाही. वेबपानावरून फाइल शेअरकडे जाणारी लिंक क्रोम आणि फायरफॉक्स सुरक्षेसाठी उघडत नाहीत. एजमध्ये इंट्रानेट झोनपुरती (ब्राउझर अंतर्गत मानतो त्या साइटपुरती) सूट देणारी ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या पीसींना एकदम लागू होणारी सेटिंग, आहे, पण मग सगळ्यांना एजवरच आणावं लागतं. त्यापेक्षा आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये व्हर्च्युअल डिरेक्टरी करावी, म्हणजे शेअर साइटचाच एक फोल्डर असल्यासारखा दिसतो.

आधी एक ठरवा: या फोल्डरमधलं सगळं सगळ्यांनी पाहिलं तर चालेल का?

चालत असेल तर काम सोपं. \\फाइलसर्व्हर\परिपत्रके असा वेगळा शेअर करा. डोमेनमध्ये एक साधं अकाउंट उघडून त्याला शेअर परमिशन आणि एनटीएफएस परमिशन (डिस्कवरच्या फोल्डरची) दोन्हीकडे फक्त रीड द्या. दोन्हींपैकी जी कडक, तीच लागू होते. आयआयएस मॅनेजरमध्ये साइटवर राइट क्लिक करून ‘अ‍ॅड व्हर्च्युअल डिरेक्टरी’ घ्या आणि फिजिकल पाथमध्ये शेअरचा पूर्ण पाथ टाका. झेड ड्राइव्ह वगैरे देऊ नका. मॅप केलेला ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरता असतो, आयआयएसला तो दिसत नाही. ‘कनेक्ट अ‍ॅज’मध्ये ‘स्पेसिफिक यूजर’ निवडून ते अकाउंट भरा. अ‍ॅनॉनिमस ऑथेंटिकेशन बंद, विंडोज ऑथेंटिकेशन चालू. फोल्डरमधली यादी दिसायला हवी असेल तर डिरेक्टरी ब्राउझिंग चालू करा, नाहीतर ४०३.१४ ही एरर येईल. पुढे कधी या अकाउंटचा पासवर्ड बदललात तर इथेही बदला, नाहीतर ५००.१९ ही एरर येईल.

या पद्धतीत फाइल प्रत्येक वेळी त्या एकाच अकाउंटच्या नावाने उघडते. त्यामुळे एनटीएफएसमध्ये माणसागणिक कितीही बारीक परमिशन लावल्या तरी इंट्रानेटवर त्यांचा उपयोग नाही. पगारपत्रकं या शेअरमध्ये चुकूनही नकोत.

ज्याचे त्याचे हक्क शाबूत हवे असतील तर ‘अ‍ॅप्लिकेशन यूजर’, म्हणजे पास-थ्रू निवडायचं. बहुतेकांचं घोडं इथे अडतं. वेब सर्व्हरवर बसून फाइल उघडते, पण स्वतःच्या पीसीवरून पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी ४०१. कारण असं: एनटीएलएम या विंडोजच्या जुन्या पद्धतीने लॉगिन झालं की वेब सर्व्हरला तुम्ही कोण हे कळतं, पण तुमच्या नावाने पुढे फाइल सर्व्हरकडे जाता येत नाही. त्यासाठी करबेरॉस (तिकिटांवर चालणारी लॉगिन पद्धत) आणि डेलिगेशन (वापरणाऱ्याच्या नावाने पुढे जाण्याची मुभा) लागतं.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत वेब सर्व्हरचं कॉम्प्युटर अकाउंट उघडा. डेलिगेशन टॅबमध्ये ठरावीक सर्व्हिसेसपुरतं आणि फक्त करबेरॉस हा पर्याय घेऊन फाइल सर्व्हरची ‘सीआयएफएस’ ही फाइल शेअरिंगची सर्व्हिस जोडा. सर्व सर्व्हिसेसना मुभा देणारा पर्याय टाळा; वेब सर्व्हर कुणाच्या हाती लागला तर तो वापरणाऱ्यांच्या नावाने कुठेही फिरता येईल. साइटला वेगळं नाव असेल तर डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड (नावाला आयपी जोडणारी नोंद) करा आणि सेटएसपीएन या कमांडने त्या नावाची एचटीटीपी एसपीएन नोंद (कुठली सर्व्हिस कुठल्या अकाउंटची हे करबेरॉसला सांगणारी) त्याच कॉम्प्युटर अकाउंटवर घाला. नोंद दोन अकाउंटवर झाली की करबेरॉस बिघडतो. आयपी अ‍ॅड्रेस टाकून तपासू नका, तिथे एनटीएलएमच लागतो. घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक असला तरीही तिकीट मिळत नाही. तसंच शेअरच्या मुळाशी वेब सर्व्हरच्या कॉम्प्युटर अकाउंटला रीड द्या, कारण वेब.कॉन्फिग ही सेटिंगची फाइल आहे का हे आयआयएस स्वतःच्या ओळखीने बघतो. बदल झाल्यावर वेब सर्व्हर रीस्टार्ट करा, म्हणजे जुनी तिकिटं जातील.

उरलेल्या तक्रारी बहुधा नावांच्या असतात. फाइलच्या नावात # असेल तर लिंक तिथेच तुटते. + असेल तर ४०४.११. फोल्डरचं नाव इंग्रजीत ‘बिन’ असेल तर ४०४.८. डीडब्ल्यूजी ड्रॉइंगला ४०४.३ आला तर आयआयएसमध्ये एमआयएमई टाइप (फाइल कुठल्या प्रकारची हे सांगणारी नोंद) जोडा. देवनागरी नावं चालतात, फक्त लिंक कॉपी केली की प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात आणि ती मेलमध्ये मधेच तुटते. फाइलचं नाव रोमनमध्ये आणि पानावरचा मजकूर मराठीत ठेवणं बरं.

एक्सेल इथून उघडली की माणसाच्या हातात डाउनलोड झालेली कॉपी असते. त्यात केलेले बदल सर्व्हरवर जात नाहीत. दुरुस्ती करणाऱ्याने शेअरमध्ये जाऊनच करावी; इंट्रानेट वाचण्यापुरतं.

पावसात लोकल बंद पडल्या की सगळे घरून व्हीपीएनवर येतात. तेव्हा साइटचं छोटं नाव अनेकदा सापडत नाही, आणि पूर्ण नाव टाकलं तर त्यातल्या टिंबांमुळे ब्राउझर साइटला इंटरनेट झोनमध्ये धरून पासवर्ड मागतो. ‘साइट टू झोन असाइनमेंट लिस्ट’ या पॉलिसीत पूर्ण नाव १ (म्हणजे इंट्रानेट झोन) या किमतीने घाला आणि त्या नावाचीही एसपीएन नोंद आहे ना ते बघा. पानांमधल्या लिंक सर्व्हरचं नाव न घालता नुसत्या / ने सुरू करा, म्हणजे दोन्ही नावांनी चालतील.