थंडरबर्डमध्ये एकच अकाउंट दोनदा दिसतंय? 'रिमूव्ह' दाबायच्या आधी हे करा

"डावीकडे माझाच आयडी दोनदा दिसून राहिला, एक उडवून टाकू ना?" हा फोन मला नागपुरात गांधीबागेतून येतो, इतवारीतून येतो, धरमपेठेतल्या सीएच्या ऑफिसातून पण येतो. आणि माझ्यापर्यंत फोन येईस्तोवर कोणीतरी भाच्याने नाहीतर बाजूच्या दुकानातल्या पोराने सल्ला देऊन झालेला असतो की उडवा बिनधास्त, सर्व्हरवर तर असतंच सगळं. हे 'सर्व्हरवर तर असतंच' ऐकलं ना की माझं डोकं सणकतं. कधी असतं, कधी नसतं, आणि कोणत्या वेळी नसतं हे कोणी सांगतच नाही. म्हणून लिहून राहिलो.

खाली सगळं थंडरबर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल बघायच्या प्रोग्रामचं आहे, विंडोजवरचं. सर्व्हर म्हणालो की मेल देणाऱ्या कंपनीचा कॉम्प्युटर. मेल आयडी, पासवर्ड, नेट हे तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

ते खरंच डुप्लिकेट आहे का

सगळ्यात खाली 'लोकल फोल्डर्स' म्हणून जे दिसतं ते अकाउंट नाही, ते तुमच्याच कॉम्प्युटरवरचं कपाट आहे, थंडरबर्ड ते काढू देत पण नाही, तर त्याच्या मागे लागू नका. पुढे तेच कामात येणार आहे.

जीमेल असेल आणि अकाउंट एकच आहे पण मेल दोनदा दिसतात असं असेल तर तो 'ऑल मेल'चा प्रकार आहे. जीमेल प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये पण दाखवतं आणि ऑल मेलमध्ये पण, मेल एकच असतो. ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लेबल्सवर जा आणि ऑल मेलसमोरची 'शो इन आयमॅप'ची टिक काढा. झालं, पुढचं वाचायची गरज नाही.

खरंच दोन अकाउंट असतील तर पुढे चला.

दोन्हींचा प्रकार बघा

अकाउंट सेटिंग्ज उघडा, दोन्ही अकाउंटखाली 'सर्व्हर सेटिंग्ज'वर क्लिक करा, वरतीच 'सर्व्हर टाइप' लिहिलेलं असतं. आयमॅप किंवा पॉप. आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात आणि कॉम्प्युटर, मोबाइल सगळीकडे तेच दिसतात, पॉप म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेतले जातात. कागदावर लिहून ठेवा, सर्व्हरचं नाव आणि खाली लोकल डिरेक्टरीचा, म्हणजे डिस्कवर मेल ठेवलेल्या फोल्डरचा, पत्ता सुद्धा. हसू नका, पाच मिनिटांनी कोणतं कोणतं हे विसरायला होतं, कारण दोघांचं नाव सेम आहे.

दोन्ही आयमॅप निघाले तर नशीबवान आहात. एकातल्या एखाद्या मेलला स्टार द्या, दुसऱ्यात थोड्या वेळाने तोच स्टार दिसला की दोघंही एकाच पेटीकडे बघून राहिलेत, मग त्यातलं एक काढलं तरी सर्व्हरवरच्या मेलला धक्का नाही.

पण बहुतेक वेळा एक पॉप आणि एक आयमॅप निघतं. कधीतरी कोणीतरी अकाउंट टाकताना पॉप निवडलेलं असतं, नंतर मोबाइलसोबत जुळावं म्हणून दुसऱ्या कोणीतरी तोच आयडी आयमॅपने टाकलेला असतो. थंडरबर्ड अडवत नाही, त्याच्या लेखी पॉप वेगळं आणि आयमॅप वेगळं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण यात मी लोकांना फसताना पाहिलंय. प्रोफाइल फोल्डरमध्ये, म्हणजे थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज डिस्कवर जिथे ठेवतं तिथे, एका फोल्डरच्या नावापुढे 'डॅश एक' (-1) लागलेलं दिसतं आणि हुशार माणूस समजतो की हेच ते डुप्लिकेट. नाही! एकाच सर्व्हरवरचे दोन वेगवेगळे आयडी असले, म्हणजे तुमचं आणि वहिनींचं दोघांचं जीमेल, तरी दुसऱ्याला तेच शेपूट लागतं. शेपटावरून काही उडवाल तर वहिनींचे मेल जातील, मग मला फोन करू नका.

आधी पॉपला थांबवा

फाइल मेनूत ऑफलाइन, तिथे 'वर्क ऑफलाइन'. मेनू दिसत नसेल तर आल्ट दाबा. हे गंमत म्हणून नाही, पॉप अकाउंट दर १० मिनिटांनी नवे मेल बघतं आणि सेटिंग तशी असेल तर ते खाली उतरवून सर्व्हरवरून पुसतं, म्हणजे तुम्ही आयमॅपच्या इनबॉक्सकडे बघत बसलात आणि ते तुमच्या डोळ्यादेखत रिकामं होऊन राहिलं. "सकाळी मोबाइलवर दिसलेला मेल दुपारी गायब" ही तक्रार असेल तर कारण हेच आहे.

जीमेलचा कायदा थोडा वेगळा. पॉपने मेल उतरल्यावर सर्व्हरवरच्या कॉपीचं काय करायचं हे तिथे ब्राउझरमधल्या सेटिंगमध्ये ठरतं: ठेवायची, अर्काइव्ह करायची की डिलीट करायची. अर्काइव्हवर असेल तर मेल इनबॉक्समधून जातो पण ऑल मेलमध्ये सापडतो. ते एकदा बघून घ्या.

पॉपमधले मेल वाचवणं, सगळी मेख इथे आहे

मी पण पहिल्या वेळी इथेच आपटलो. कळमन्यातले एक संत्र्याचे व्यापारी आहेत, मी त्यांना काकाजी म्हणतो. त्यांच्या कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आयडी, पहिल्यापासून पॉपवर, आणि नंतर मुलाने आयमॅपने परत टाकलेला. मी दोन्ही इनबॉक्स उघडले, वरचे वीसेक मेल ताडून पाहिले, सगळे सेम. म्हटलं ठीक आहे, आणि पॉपवालं उडवलं, 'रिमूव्ह मेसेज डेटा'वर टिक मारून, एकदम साफसूफ. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींचा फोन, "अबे, मागच्या सीझनले बांगलादेशच्या पार्टीले भाव पाठवले होते ते मेल कुठं गेले?"

गेले होते. दोन कारणांनी, आणि दोन्ही मला तेव्हा माहीत असायला पाहिजे होती.

पहिलं कारण. पॉपच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' असतं आणि त्याच्याच खाली दिवसांचा डबा असतो, 'जास्तीत जास्त १४ दिवस' असं. ती टिक असली की दोन आठवड्यांपेक्षा जुना मेल सर्व्हरवरून पुसला जातो आणि मग तो फक्त पॉप अकाउंटमध्येच उरतो. म्हणजे दोन्ही इनबॉक्स वरून बघितले तर हुबेहूब सारखे दिसणारच ना, वरचे दोन आठवडे सारखेच असतात! फरक तळाशी असतो. म्हणून वरचे मेल ताडून काही कळत नाही, तारखेवर क्लिक करून उलटं लावा आणि सगळ्यात जुना मेल कोणत्या तारखेचा आहे ते दोन्हीकडे बघा. एकीकडे कित्येक वर्षांपूर्वीचा आणि दुसरीकडे या महिन्यातला असं निघालं तर तुमचा सगळा धंदा त्या 'डुप्लिकेट' अकाउंटमध्ये बसलाय.

दुसरं कारण सेंट फोल्डर. इनबॉक्स सगळे बघतात, सेंट कोणीच बघत नाही. पॉप फक्त आलेले मेल उतरवतं. तुम्ही पाठवलेल्या मेलची कॉपी थंडरबर्ड त्या अकाउंटच्या सेंटमध्ये ठेवतं आणि पॉपचं सेंट म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कवरची एक फाइल, बस. जीमेल पाठवलेला मेल आपल्याकडे आपोआप ठेवून घेतं, पण छोट्या होस्टिंगवरच्या आयडीला अशी मेहरबानी धरून चालू नका. काकाजींचे सगळे भाव, सगळी कोटेशनं त्या एका फाइलमध्ये होती. शेवटी पार्ट्यांना फोन करून "आमचाच मेल आम्हाले परत पाठवा" म्हणावं लागलं. किती लाज वाटली ते मला माहीत.

तर आता मी काय करतो ते सांगतो.

थंडरबर्डमध्ये हेल्प मेनू, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर 'ओपन फोल्डर'. फोल्डर उघडला की थंडरबर्ड बंद करा आणि तो अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. थंडरबर्ड चालू ठेवून केलेली कॉपी मी कॉपी मानत नाही. पेन ड्राइव्हवर घेणार असाल तर ती फॅट ३२ नावाच्या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तिच्यावर मावत नाही, जागा कितीही असो, आणि जुन्या दुकानदाराचा इनबॉक्स ४ जीबीच्या वर असणं काही मोठी गोष्ट नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेली घ्या.

त्या फोल्डरमध्ये 'मेल' नावाच्या फोल्डरात पॉपचं सामान असतं आणि 'आयमॅपमेल'मध्ये आयमॅपचं. आत गेलात की इनबॉक्स, सेंट अशा नावाच्या फाइली दिसतील ज्यांना एक्स्टेन्शनच नाही, आणि बाजूला त्याच नावाची डॉट एमएसएफ फाइल. बिनएक्स्टेन्शनची फाइल म्हणजे मेल, एमएसएफ म्हणजे फक्त अनुक्रमणिका. मी असा माणूस पाहिलाय ज्याने सी ड्राइव्ह भरला म्हणून "ही काय एवढी मोठी विनाकामाची फाइल" म्हणत इनबॉक्स उडवला आणि एमएसएफ जपून ठेवली.

मग थंडरबर्ड परत उघडा, ऑफलाइनच आहे ना ते बघा. लोकल फोल्डर्सखाली एक नवीन फोल्डर बनवा, 'जुना पॉप' नाव द्या, त्याच्या आत इनबॉक्स आणि सेंट वेगळे. पॉपच्या इनबॉक्समध्ये कंट्रोल ए, राइट क्लिक, 'कॉपी टू', लोकल फोल्डर्स. मग सेंट. मग अर्काइव्ह, ड्राफ्ट आणि तुम्ही स्वतः बनवलेले जे काही पोटफोल्डर असतील ते एकेक करून.

'कॉपी टू' म्हणालो, 'मूव्ह टू' नाही. मूव्ह करताना मधेच लाइट गेली तर अर्धे इकडे अर्धे तिकडे, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत आपल्याकडे लाइट कधी जाईल ते कोणी सांगावं, यूपीएसची बॅटरी मेलेली असतेच. आणि पॉपमधून डिलीट तर अजिबातच करू नका, सेटिंगमध्ये 'अनटिल आय डिलीट देम'ची टिक असेल तर तुम्ही इथे डिलीट केलेला मेल ऑनलाइन आल्याबरोबर सर्व्हरवरून पण पुसला जातो, म्हणजे ज्या आयमॅपला वाचवायचं त्याच्याच पोटात लाथ.

पाचदहा हजार मेल असतील तर एकदम ओढू नका, वर्षावर्षाने घ्या. झालं की दोन्ही फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, मेलचा आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर त्याच खिडकीत 'रिपेअर फोल्डर' दाबून परत मोजा. आकडा जुळत नाही तोवर पुढे जायचं नाही, कितीही घाई असली तरी नाही.

काही लोक सांगतात की लोकल फोल्डर कायले पाहिजे, पॉपचे मेल सरळ आयमॅपच्या इनबॉक्समध्ये ओढून टाका. टाका, आणि मग बघत बसा. ते सगळे सर्व्हरवर अपलोड होतात, जे तिथे आधीच होते ते दोनदा होतात, आणि पेटी भरली की नवीन मेल यायचेच बंद. जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि तीत ड्राइव्ह आणि फोटो पण धरलेत. फार झालं तर सेंट तेवढं नंतर शेदोनशेच्या गठ्ठ्यांनी वर चढवा. मी तेही मागितल्याशिवाय करून देत नाही.

आता काढा

अकाउंट सेटिंग्ज, पॉपवालं निवडा, कागदावरचा सर्व्हर टाइप परत वाचा, खाली अकाउंट अॅक्शन्स, रिमूव्ह अकाउंट. 'रिमूव्ह मेसेज डेटा'वर टिक मारू नका. अकाउंट यादीतून जाईल, फाइली डिस्कवर राहतील, राहू द्या. महिनाभर कोणाची ओरड आली नाही तर लोकल डिरेक्टरीचा जो पत्ता लिहून ठेवला होता तिथे जाऊन हाताने पुसा. थोडी जागा अडते, अडू द्या.

मागे काय राहतं

फिल्टर, म्हणजे आलेले मेल आपोआप लावून ठेवायचे नियम, अकाउंटसोबत बांधलेले असतात, पॉपवर लावलेले फिल्टर आयमॅपवर आपोआप येत नाहीत, म्हणून काढायच्या आधी यादीचा फोटो काढून घ्या. सहीचंही तसंच. अॅड्रेस बुक वेगळं असतं, ते कुठे जात नाही.

आउटगोइंग सर्व्हर, म्हणजे ज्यातून तुमचे मेल बाहेर जातात तो, मात्र नीट बघा. सेटिंग्जच्या यादीत खाली ते असतात, आणि तिथे पण एकाच नावाचे दोन निघतात. लोक उत्साहात त्यातला एक उडवतात आणि तो नेमका उरलेल्या अकाउंटला जोडलेला निघतो, मग मेल येतात पण जात नाहीत. आधी आयमॅप अकाउंटच्या पानावर खाली कोणता आउटगोइंग सर्व्हर निवडलाय ते वाचा, दुसरा काढा. नंतर ऑनलाइन या, स्वतःलाच एक मेल पाठवा, आणि तो आयमॅपच्या सेंटमध्ये पडला का ते थंडरबर्डमध्ये नाही, मोबाइलवर बघा. काकाजींकडे आता मी हेच करतो, आणि ते मागे उभे राहून विचारतात, "सेंट पाहिलं का रे?"