खलनायक नसलेली कथा लिहिताय? मग या चुका टाळा

दिवाळी अंकांसाठी कथा पाठवायचे दिवस आले की आमच्या गोव्यातल्या डिचोली-फोंड्याकडची लिहिणारी पोरं कथा वाचायला देतात, आणि अलीकडे त्यात एक खूप चांगला बदल दिसतोय, दुष्ट सावकार, माजलेला भाटकार (जमीनदार), छळणारी सासू हे ठरलेले खलनायक जवळपास गेलेच आहेत. आता कथा असते बंद पडलेल्या मायनिंगवर, खाऱ्या पाण्यानं गेलेल्या शेतावर, धरणाखाली गेलेल्या गावावर, विसरत चाललेल्या आज्यावर. विषय अगदी आपले. पण पहिल्या पानावर जो जोर असतो तो तिसऱ्या पानावर गायब होतो, सगळं सैल पडतं, आणि शेवटी लेखक स्वतःच विचारतो की कुठं बिघडलं सांग. बहुतेक वेळा बिघाड एकाच जागी सापडतो. माणूस खलनायक काढला, पण त्याच्या जागी जे आणलं ते कथेत काही करतच नाही, नुसतं हजर असतं.

काळ, समुद्र, कायदा, आजार, लाज, यातलं काहीही कथेत विरोधक होऊ शकतं, मात्र त्याला स्वतःची कामाची पद्धत पाहिजे. ते कुठून येतं, कधी येतं, काय नेतं, काय परत देतं, कशाला बधत नाही, हे लेखकाला पाठ असलं पाहिजे. खाली ज्या चुका सांगतोय त्या सगळ्या फिरून फिरून इथंच येतात.

नुसतं नाव घेऊन मोकळं होणं

'मायनिंग बंद झालं आणि गावावर अवकळा पसरली.' हे वाक्य किती कथांत वाचलंय याला गणतीच नाही. अवकळा म्हणजे काय हो? वाचकाला त्यातून काहीच दिसत नाही. आता खरं काय झालं ते बघा. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली, एप्रिल 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन 16 मार्च 2018 पासून परत सगळं ठप्प. म्हणजे हा एक घाव नाहीये, हा विरोधक मारतो, मग आशा दाखवतो, मग परत मारतो. आणि लेखकाच्या हातात जे सोनं आहे ते त्या मधल्या आशेत आहे.

दोन भाऊ घ्या. एकानं 2013 सालीच आपला टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, मिळेल त्या किमतीला विकून टाकला, दुसऱ्यानं ठेवला, कारण आज ना उद्या चालू होणारच. मधे चालू झालंही, तेव्हा ठेवणारा शहाणा ठरला, चवथीला त्याच्या घरची माटोळी, गणपतीवर फळं-पानं टांगतात ती, जरा जास्तच भरली, विकणारा भाऊ आरतीला मागे उभा राहिला. मग 2018. आता तो टिपर फणसाखाली उभा आहे, बॅटरीची वायर काढून ठेवलीय, दर रविवारी तो वायर लावून इंजिन जरा वेळ चालवतो, जाम होऊ नये म्हणून, आणि आवाज ऐकून शेजारचा म्हातारा दर वेळी विचारतो, 'काय रे बाबा, चालू झालं काय?' टायर बसत चाललेत, बँकेचा हप्ता मात्र बसत नाही, तो दर महिन्याला उभा राहतो. इथं कोर्ट, सरकार, कंपनी, कोणालाच कथेत आणायची गरज पडली नाही. विरोधक दर रविवारी त्या इंजिनाच्या आवाजात येतोय आणि दोन भावांच्या मधे उभा राहतोय.

दुरुस्ती सोपी आहे. आपल्या कथेतले 'नियती', 'काळ', 'परिस्थिती', 'व्यवस्था', 'दैव' हे शब्द सगळे खोडा आणि मग परत वाचा. विरोधक तरीही जाणवला तर तो कथेत आहे, नाही जाणवला तर तो फक्त त्या शब्दातच होता.

शेवटच्या पानावर घाबरून माणूस आणणं

ही चूक चांगल्या चांगल्या लेखकांकडून होते आणि मला तिचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तोवर कथा उत्तम चाललेली असते. मग लेखकाला वाटतं वाचकाला राग काढायला कोणीतरी पाहिजे, आणि एक लाचखाऊ तलाठी किंवा एक बिल्डर एकदम उगवतो. आपण गोव्यात दर दिवाळीला रात्रभर जागून नरकासुर उभा करतो आणि पहाटे जाळतो, पण कथेत असा नरकासुर आणला की वाचकही तो जाळून मोकळा होतो, त्याला पुढं काही विचार करावाच लागत नाही.

खाजन शेतीवरची कथा घ्या, म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती. खाजनाच्या बांधात मानस असतो, लाकडी झडपांचं दार, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतलं पाणी बाहेर जातं आणि भरती चढली की पाण्याच्याच दाबानं झडप आपोआप बंद होते. ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, गावानं मिळून सांभाळलेली. आता त्याच मानशीवर मासे पकडायचा हक्क पावणीला, म्हणजे लिलावाला, लागतो, आणि ज्यानं तो घेतलाय त्याला खारं पाणी जरा जास्त वेळ आत राहिलेलं परवडतं, कारण त्याबरोबर मासे येतात. शेजारच्या शेतकऱ्याला तेच पाणी नको, कारण कोरगुट भात खारटपणा सोसतं ते एका मर्यादेपर्यंतच. इथं लेखकाचा हात लगेच शिवशिवतो, मासेवाल्याला दुष्ट करून टाकूया. करू नका! त्याला एक पोरगी द्या जी नर्सिंगला आहे, त्यानं पावणीसाठी कर्ज काढलंय, तो शेतकऱ्याच्या चुलत भावाचा वर्गमित्र आहे. तो एका रात्री झडप उघडी राहावी म्हणून तिला दगड लावतो, फक्त एका रात्रीसाठी, आणि ती रात्र अमावस्येच्या उधाणाची निघते. आता भांडण दोघांचं आहे पण आत येणारं खारं पाणी दोघांचंही ऐकत नाहीये, आणि पुढच्या पावसानं माती धुऊन निघेपर्यंत ते मातीत राहणार आहे. ही कथा वाचकाला झोपू देणार नाही.

ऑफिसच्या कथांत पण हेच. मामलेदार कचेरीतला क्लार्क तुसडा दाखवला की कथा लहान होते. तो भला माणूस करा, त्याला बसा म्हणू द्या, पाणी देऊ द्या. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा, त्यांच्यासाठीचा कायदा 1975 चा, बिचारी म्हातारी स्वतःचं घर स्वतःच्या नावावर करायला फेऱ्या मारतेय, भाटकार वारलेला, म्हणजे त्याचे सगळे वारस केसमध्ये आणायला पाहिजेत, एक मुंबईला, एक लिस्बनला, आणि त्यातला एक वारला की त्याची मुलं वाढली, परत नोटिसा. क्लार्कला मनापासून मदत करायचीय आणि तो म्हणतो, 'बाय, मी काय करू सांग, पुढची तारीख घे.' भला माणूस हे बोलतो तेव्हा भीती वाटते, कारण आता ओरडायला समोर कोणी राहिलेलंच नाही.

समुद्राला राग यायला लावणं

समुद्रानं सूड घेतला, पावसानं दगा दिला, नदी खवळून बदला घ्यायला आली. निवेदकानं असं लिहिलं की तुम्ही खलनायक मागच्या दारानं परत घरात घेतला, फक्त त्याला मिशा नाहीत एवढंच. समुद्राला आपलं नाव माहीत नाही, आणि त्याची दहशत तिथंच आहे. चांगल्या माणसाची होडी उलटते आणि शेजारच्या चोराची सुखरूप येते, यामागं काही कारण नसणं हेच सोसायला कठीण.

पण पात्रानं तसं मानणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे आणि ती जरूर वापरा. आपल्याकडे गावोगाव राखणदार आहे, गाव राखणारा देव, माणसं त्याला सांगणं करतात, काही अडलं की आपलं कुठं चुकलं ते शोधतात. बांध फुटल्यावर घरातली आजी म्हणते की यंदा राखणदाराचं राहिलं म्हणून हे झालं, आणि ज्याच्याकडून ते राहिलं तो नातू पंगतीत मान खाली घालून बसतो. निवेदक इथं राखणदार खरा की खोटा यात पडत नाही, पडूही नये. पाण्याला हेतू नाही, पण माणसांना पाण्यात हेतू दिसतो, आणि तो दिसला की ती एकमेकांशी कशी वागायला लागतात ते लिहा. मला विचाराल तर गोव्यातल्या लेखकासाठी सगळ्यात सुपीक जमीन हीच आहे आणि आपण ती पडीक ठेवलीय.

नायक नुसता सोसत बसणं

समोर माणूस नसला की नायकाला काय करायला द्यावं सुचत नाही, मग तो खिडकीत बसतो, पाऊस बघतो, चहा गार होतो. तीन पानं असंच. वाचक कंटाळतो आणि लेखकाला वाटतं विषय गंभीर असल्यामुळं असं होतंय.

त्याला काहीतरी पाहिजे असू द्या, छोटं, हातात धरता येईल असं, आणि त्याला मुदत असू द्या. यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते, म्हणजे ट्रॉलरवर काम करणाऱ्याला 31 मे ची तारीख देवानंच लिहून दिलीय. त्या आत त्याला बहिणीच्या लग्नाचे पैसे जमवायचेत, आणि मे च्या शेवटच्या आठवड्यात वारा सुटलाय. जाऊ की नको? बस्स, तो आता खिडकीत बसूच शकत नाही. आणि प्रत्येक वेळी त्याला थोडं यश पण मिळू द्या, एका दिवशी जाळं भरून येऊ द्या, नाहीतर सगळं रडगाणं होतं आणि शेवट पहिल्याच पानावर कळतो.

आज्याच्या विसरण्याच्या कथेत पण तेच, रोज थोडं थोडं विसरला एवढं पुरत नाही, विसरण्याला क्रम असतो. बऱ्याचदा आधी आजची गोष्ट जाते आणि जुनं मागे राहतं, म्हणून तो सकाळी नातवाचं नाव विसरेल आणि त्याच दुपारी पोर्तुगीज काळातल्या शाळेतली प्रार्थना अख्खी म्हणून दाखवेल, आणि घरच्यांना वाटेल की सुधारतोय. तो 'सुधारतोय' वाटण्याचा दिवस कथेच्या मधोमध ठेवा.

समाज म्हणजे एकच तोंड समजणं

'लोक काय म्हणतील' हा विरोधक आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक, म्हणून फार लिहीत नाही. फक्त एवढं की लोक म्हणून एक गर्दी उभी करू नका. चहाच्या गाड्यावर एक जण गप्प होतो, देवळात एक काकू जरा सरकून बसते, आणि सगळ्यात भारी म्हणजे जो माणूस प्रेमानं समजावायला घरी येतो तो, 'पोरी, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.' समाज बहुतेक वेळा मायेनंच दाबतो.

विरोधकानं फक्त वाईटच करायचं असं धरून चालणं

सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं, 1980 च्या दशकात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात तिथली जमीन वर येते, देऊळ, घरांचे जोते दिसायला लागतात, आणि जुनी माणसं तिथं जमतात. यावर लिहिणारे बहुतेक जण धरणाला राक्षस करतात. पण त्याच धरणाचं पाणी दक्षिण गोव्यातल्या घरोघरच्या नळांना येतं. कुर्डीची मुलगी लग्न होऊन मडगावला गेलीय, सकाळी नळ सोडते, भांडी घासते, पोराला आंघोळ घालते, आणि ते पाणी तिच्या बापाच्या अंगणावरून आलेलं आहे. तिनं नळ बंद करायचा की चालू ठेवायचा? धरण वाईट म्हटलं तर ती रोज सकाळी काय करतेय, आणि चांगलं म्हटलं तर मे मध्ये बापाबरोबर तिथं जाऊन रडायचं कशाला? ज्या विरोधकाशिवाय आपलं चालत नाही त्याच्याशी लढणं फार अवघड असतं, म्हणून तो काय देतो तेही लिहा, हात न आखडता.

शेवट

अमूर्त विरोधक मरत नाही, त्यामुळं शेवट कसा करायचा यात सगळे अडकतात. दोन सोपे रस्ते दिसतात, एक म्हणजे नायकानं जीव देणं आणि दुसरा म्हणजे क्षितिजाकडे बघत सगळं स्वीकारणं, आणि दोन्ही मला नको वाटतात, कारण दोन्हीत लेखक निर्णय टाळतो. भरती थांबणार नाही, मान्य, पण पात्र काहीतरी ठरवू शकतं ज्याची किंमत त्याला मोजावी लागेल. टिपर ठेवणारा भाऊ तो भंगारात देतो आणि आलेले पैसे घेऊन दुसऱ्या भावाच्या दारात जातो, किंवा जात नाही. मुंडकार म्हातारी पुढची तारीख घेत नाही. विरोधक आहे तिथंच आहे, पण माणूस आता आधीच्या जागी नाही, एवढं झालं की थांबा, पुढचा परिच्छेद लिहू नका.

लिहून झालीय पण अडलीय?

तर आधी कथा बाजूला ठेवा आणि विरोधकाचं एक पान लिहा, त्यात पात्राचं नावसुद्धा नको. उधाण कुठल्या तिथीला, भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढं जाते मग सोमवारी रात्री झडपेपाशी किती वाजता उभं राहावं लागेल, हप्ता चुकला तर पहिलं पत्र येतं की आधी फोन येतो, जमिनीचा वन-फोर्टीनचा उतारा कुठल्या खिडकीवर मिळतो. जे माहीत नसेल ते विचारून या, खाजनात उतरलेला माणूस भेटला तर त्याला बोलू द्या, कचेरीच्या बाकड्यावर एक सकाळ नुसतं बसा, कोण किती वेळा उठून खिडकीकडे जातं ते बघा. मग कथेचं दुसरं पान काढा, पहिलं नको, ते बहुतेक बरं असतं, आणि दुसऱ्या पानापासून परत लिहायला घ्या.