३२ बोअरची काडतुसं: डबीवरचा वेग आणि तुमची नळी

भारतात ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या मापाचा प्रकार) आहे, तो साध्या परवान्यावर मिळत नाही. म्हणून सोलापुरात स्वसंरक्षणाच्या परवान्यावर, मग तो शहरात पोलीस आयुक्तांचा असो की ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा, बहुतेकदा ३२ बोअरच दिसतो. पण ३२ नावाची काडतुसं दोन आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

रिव्हॉल्वरचं ते ३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग: कवच साधारण २३ मिमी, बुडाला रुंद कडा. पिस्तुलाचं ते ३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल), म्हणजे ७.६५ मिमी: कवच १७ मिमी, कडा जेमतेम. एसीपी काही रिव्हॉल्वरच्या चक्रीत (काडतुसं भरायच्या फिरत्या भागात) बसतं, पण बसतं म्हणून ते चालवायचं नाही. त्याचा दाब बराच जास्त असतो. दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणू नका. बुडावरचा शिक्का वाचा.

आता नळी. हत्यार रिकामं करा, दोनदा पाहा. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) बंद ठेवून नळीच्या तोंडातून लाकडी काडी अलगद टेकेपर्यंत घाला, खूण करा, मोजा. या मापात काडतूस बसतं ती खोलीही (चेंबर) येते. रिव्हॉल्वरची नळी मात्र चक्रीपुढच्या फटीपासून मोजतात, खोली वगळून. त्यामुळे दोन्ही 'तीन इंची' असली तरी पिस्तुलात गोळीला धावायला सव्वादोन इंचच उरतात. उलट रिव्हॉल्वरच्या फटीतून थोडा वायू निसटतो.

डबीवरचा वेग बहुधा चार इंची नळीचा असतो: एसीपीच्या ७१ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) गोळीला सेकंदाला सुमारे २७५ मीटर, लाँगच्या ९८ ग्रेन शिशाच्या गोळीला सुमारे २१५. एसीपीत चारावरून तीन इंचांवर आलं की साधारण २० मीटर जातात. तीनच्या खाली घसरण वाढते. न जळलेली दारू तोंडाशी भडकते आणि रात्री डोळे दिपतात.

म्हणून आखूड नळीत पोकळ टोकाच्या गोळीचा हट्ट नको. तिला आदळल्यावर फुलून उघडायला वेग लागतो. तो नसला, किंवा पोकळीत कापड भरलं, की ती साध्या गोळीसारखीच जाते. एसीपीत असं काडतूस लांबीला कमी असल्याने मॅगझीनमध्ये पुढेमागे सरकून वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे अडकते, आणि पिस्तूल तिथेच बसतं. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे ठेवा. नळी तीन इंच किंवा त्याखाली असेल तर पूर्ण धातूवेष्टित गोल टोकाचीच घ्या. लाँगमध्ये शिशाची गोल. अर्थात अशी गोळी पत्र्याच्या भिंतीपलीकडेही जाऊ शकते, त्यामुळे मागे कोण आहे हे आधी पाहायचं.

हलक्या रिव्हॉल्वरमध्ये धक्क्याने उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्री अडते. मान्यताप्राप्त रेंजवर पाच झाडून सहावं काढा, आधी व्हर्नियरने घेतलेल्या लांबीशी ताडा. वाढली असेल तर तो लॉट वापरू नका.

मे महिन्यात काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि तेलाच्या हाताने हाताळू नका: तेल बुडातल्या टोपीत (जिथे ठिणगी पडते) झिरपलं, तर काडतूस न उडण्याची शक्यता असते.