मोहरी उपटा, पण बांधावर टाकू नका

नाल्याच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर भिजलेल्या रानात शिसे, कॅडमियम हे विषारी धातू साचले असतील, तर मोहरी त्यातला काही भाग ओढून घेते. पण तीच मोहरी रोटाव्हेटरने गाडली, गुरांना घातली, खतखड्ड्यात टाकली की सगळे मुसळ केरात. बांधावर पेटवली तर राख रानात आणि धूर नाकात.

पेरणीची कामे:
- 0-15 व 15-30 सें.मी. खोलीचे वेगवेगळे नमुने, लाकडी किंवा प्लास्टिक साधनाने. मृदा आरोग्य पत्रिकेत शिसे-कॅडमियम नसते. प्रयोगशाळेकडे एकूण धातू आणि डीटीपीए (पिकाला उचलता येणारा भाग), दोन्ही तपासण्या मागा.
- नाल्याचे पाणी आधी बंद.
- ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. एकरी 2 किलो बियाणे, 45 × 15 सें.मी.
- चुना नको, त्याने कॅडमियम मातीत अडकते.

खरे काम फुलोऱ्यात. शेंगा भरायची वाट पाहू नका. खालची पाने पिवळी पडू लागली की आठ दिवसांत उपटा, हा आमचा शेतावरचा अंदाज. गळलेले पान म्हणजे धातू परत मातीत. ढगाळ हवेत मावा वाढला तरी पाने लवकर झडतात. दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. अवकाळीचा इशारा आला, तर फुलोरा अर्धवट असला तरी थांबू नका. विळ्याने कापू नका: शिसे बहुतांशी मुळांतच राहते. मुळासकट उपटा, माती तिथेच झटका, ताडपत्रीवर वाळवा, जाड गोणीत बांधा. हातमोजे, मास्क हवेतच. गोण्या कुठे द्यायच्या ते उपटण्याआधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारून ठेवा. घातक कचऱ्याची केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत.

‘एका हंगामात जमीन साफ’ म्हणून दुकानदार ईडीटीए या रसायनाची बाटली पुढे करतो. घेऊ नका. त्याने धातू पाण्यात सुटतो, पीक थोडाच उचलते, उरलेला झिरपून विहिरीत जाऊ शकतो. हिशेब बघा: एकरात 15 सें.मी. थराची माती साधारण 9 लाख किलो. किलोमागे 1 मिलिग्रॅम कॅडमियम कमी करायचे, तर 900 ग्रॅम बाहेर काढावे लागेल. 2 टन वाळलेल्या मोहरीत किलोमागे 10 मिलिग्रॅम आले तरी निघाले 20 ग्रॅम. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात त्याहूनही कमी निघेल. म्हणजे काम वर्षानुवर्षांचे, आणि एक गोणी जरी रानात परतली तरी तेवढे मागे.

या मोहरीचे तेल, भाजी, पेंड घरात नको. दरम्यान त्या रानात पालक, मेथी, मुळा अजिबात नको. उत्पन्न हवे असेल तर हारासाठी झेंडू लावा. फुले विका, पण झाडे मोहरीसारखीच मुळासकट बाहेर काढा.