आकाशात अनोळखी काही दिसलं, तर सरकारी संस्थेला कसं कळवावं?

1977 मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे विज्ञान सल्लागार फ्रँक प्रेस यांनी नासाला सुचवलं, की यूएफओबद्दल, म्हणजे आकाशात दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंबद्दल, लोकांची जी पत्रं येतात त्यांचं काम तुम्ही सांभाळा आणि नव्याने चौकशी करायची का, तेही बघा. डिसेंबरमध्ये नासाने कळवलं, की पत्रांना उत्तरं देऊ, पण तपासायला ठोस पुरावाच हाती नसताना संशोधन सुरू करणार नाही. पत्राला उत्तर देणं वेगळं आणि तपास करणं वेगळं. हा फरक आजही बहुतेक ठिकाणी लागू आहे.

आधी लिहून काढा. बरोबरच्या माणसाशी चर्चा करण्याआधीच लिहा, नाहीतर दोघांच्या आठवणींची सरमिसळ होते. घड्याळातली वेळ, दिशा, किती सेकंद दिसलं आणि क्षितिजापासून किती उंच, एवढं तरी हवंच. उंचीसाठी हात सरळ ताणून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. ‘प्रचंड मोठं’, ‘अफाट वेगाने’ असे शब्द तपासणाऱ्याच्या काही कामाचे नाहीत. अंतर माहीत नसेल तर आकार आणि वेग हा नुसता अंदाजच असतो.

मग स्वतः चाळणी लावा. स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या ॲपवर त्या वेळचं आकाश बघा, फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर विमानं. क्षितिजाजवळचा शुक्र आणि एका रांगेत सरकणारे स्टारलिंक उपग्रह भल्याभल्यांना चकवतात.

योग्य दार ठोठवा. फ्रान्सची अंतराळ संस्था 1977 पासून हे काम करते. तिचा जेपान हा विभाग सामान्य माणसाची साक्ष घेतो, छाननी करतो आणि नावं काढून प्रकरणं प्रसिद्ध करतो. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने मात्र 2009 मध्ये आपली खिडकी बंद केली; जुन्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अमेरिकेत प्रोजेक्ट ब्लू बुक या हवाई दलाच्या जुन्या यूएफओ-तपासाच्या 12,618 नोंदी (त्यातल्या 701 अनुत्तरित) तशाच अभिलेखागारात वाचायला मिळतात. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल, तर नेमकं कोणतं कागदपत्र हवं ते सांगा. ‘ते काय होतं?’ याचं उत्तर त्या कायद्याने मिळत नाही, कारण अस्तित्वात असलेल्या नोंदी देण्यापुरतंच संस्थेवर बंधन आहे.

पत्र आटोपशीर ठेवा. एक घटना, एक प्रश्न. फोटो मूळ फाइलच्या स्वरूपातच पाठवा. मेसेजिंग ॲपमधून गेला की त्यातली वेळेची आणि कॅमेऱ्याची माहिती बहुधा पुसली जाते. ‘तुम्ही काय लपवताय?’ या सुराचं पत्र आलं, तर छापील उत्तरच मिळणार, आणि त्यात कारकुनाचा दोष नाही.

उत्तर नीट वाचा. लोकांची गल्लत इथेच सर्वांत जास्त होते. जेपानच्या वर्गवारीत ‘अ’ म्हणजे उलगडा झालेलं, ‘ब’ म्हणजे बहुधा उलगडलेलं. ‘क’ म्हणजे माहितीच अपुरी, आणि ‘ड’ म्हणजे पुरेशी माहिती असून, तपास करूनही न सुटलेलं. ‘क’ला गूढ म्हणण्यात अर्थ नाही, तिथे कमतरता साक्षीची असते. ‘ड’मध्येही परग्रहवासीयांचा दाखला नसतो, फक्त प्रश्न उघडा राहतो. आपल्या वाट्याला ‘क’ आलं, तर काही किलोमीटरवरून तेच पाहिलेला दुसरा साक्षीदार शोधा. दोन ठिकाणांहून दिशा आणि उंची मिळाली, की अंतराचं गणित मांडता येतं.